चार सेकंदांची सावली

सोम., ६ जाने.
“दिसलं नाही, हेही लिहायचं असतं.” लग्नाआधी, गंगापूर रोडवरच्या एका गच्चीवर शिरीष म्हणाला होता. दुर्बिणीला डोळा लावून तो, शेजारी स्टॉपवॉच घेऊन मी. नेपच्यूनच्या पलीकडचा एक बर्फाचा गोळा ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा क्षणभर विझायला हवा होता. विझला नाही. पुढेही तेच. कधी ढग, कधी गोळ्याची सावली भलतीकडून गेली. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

आज त्याचं डायलिसिस चालू असताना फोन बघत म्हणाला, “शुक्रवारी पहाटे एक आहे. सावली पेठवरून जातेय.”  

मंगळ., ७
दुर्बीण माळ्यावरून काढली. मीच उतरवली. सुया टोचतात त्या हाताने त्याला वजन उचलायचं नाही. दोन वर्षांची धूळ. भिंग पुसत दुपारभर बसला.

शुक्रवारच्या गोळ्याला नाव नाही, नुसता नंबर. रुंदी नाशिक-धुळे अंतराइतकीही नसेल, त्यामुळे सावलीचा पट्टाही तेवढाच. आपलं नाशिक पट्ट्याच्या बाहेर, दीड तासावरचं पेठ आत. “चार सेकंद. फार तर पाच.” मग भिंगाकडेच बघत, “ही एक झाली की देऊन टाकू कुठल्यातरी शाळेला.”

मी अर्धा कप चहा ठेवला, त्याला ठरवून दिलेल्या मापाचा. बरं म्हणाले. बरं का म्हणाले, कोण जाणे.

बुध., ८
शुक्रवारी आमची डायलिसिसची पाळी सकाळी सहाची. सावली पाचनंतरची, पेठहून तोवर पोचणं अशक्य. डॉक्टर म्हणाले, जा हवं तर, पण पाळी चुकवायची नाही. सिस्टर म्हणाली, “मॅडम, दुपारची सगळी मशिनं फुल आहेत. कुणाशी अदलाबदल करा, आमचं काही नाही.”

दुपारच्यांत ओळखीचे एकच, जाधवकाका. देवळाली कॅम्पचे, तोफखान्यातून रिटायर. पाळी कधीच बदलत नाहीत. एका बाईंना मुलीच्या साखरपुड्यासाठीसुद्धा नाही म्हणाले होते. घरी काकू अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी त्यांचं सगळं आवरून मग बस धरतात. काकू दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

निघताना दारातच भेटले. शुक्रवारचं नुसतं सांगितलं, मागितलं नाही.

“चार सेकंदांसाठी पेठ? ताई, आमच्या तोफेचा गोळा याहून जास्त वेळ हवेत राहायचा.”

शिरीष हसला. किती दिवसांनी. “तुमचा पडला की कळायचं तरी काका. माझा अजून एकदाही लागलेला नाही.”

“मग जाता कशाला?”

“सवय.”

काका त्याच्याकडे बघत राहिले. “स्वेटर घाला,” म्हणाले आणि आत गेले.

गुरु., ९, सकाळी
माझं अंग मोडून आलंय. काल परतल्यावर शिरीष झोपला तो संध्याकाळपर्यंत. उठल्यावर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. पाळीचं काय झालं, विचारलं नाही. माझ्यावर सोडलंय, की सोडूनच दिलंय…

आभाळ स्वच्छ आहे. ढग असते तर सुटले असते, असं मनात आलं. लाज वाटली.

तारा विझला की बघणाऱ्याने “गेला” म्हणायचं, मी बटण दाबायचं. हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकलेलाच नाही. एकदा ऐकायचाय. बस.

कॉलेज रोडच्या माझ्या ताईला फोन केला. ती उद्या पहाटे काकांकडे जाऊन बसायला तयार आहे. काका नाहीच म्हणणार, आणि त्यांचं चुकणारही नाही. फोनवर ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून आधी इथे लिहून घेते:

काका, उद्याच्या दिवस तुमची दुपारची पाळी शिरीषला देऊन त्याची सकाळची घ्याल का? तुम्ही येईपर्यंत माझी बहीण काकूंजवळ बसेल. त्यांनी हात लावू दिला नाही, तर नुसती बसेल.