शिंकेचा खुलासा

मुक्काम दिंडोरी, पत्र गोरक्षच्या दुधाच्या गाडीबरोबर पाठवतोय

सौ. ताईस शेखरचा नमस्कार, दाजींनाही सांगावा. तुझी साक्षी आणि सनी ठणठणीत आहेत, आई खूश आहे, आणि मी कसा आहे हे तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगतो: मेलोय. या काळात पत्र कसलं म्हणून हसशील. पण काल फोनवर शिंक ऐकल्याबरोबर तू "रविवारी येते, पोरं घेऊन जाते" म्हणून फोन आपटलास, आणि आता उचलत नाहीस. मग माणसानं करायचं काय?

नाताळच्या सुट्टीत पोरं सोडताना तुझे हुकूम होते: मोबाईल द्यायचा नाही, दिवसभर पळती ठेवायची, आणि एक जरी शिंकलं तरी सुट्टी तिथंच संपली. आईनं वर्षभर या सुट्टीची वाट बघितलेली, म्हणून मी जिवाचं रान केलं. पण ताई, थंडी काय पडलीय यंदा! द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतोय. पोरांना आधी लंगडी खेळवली. (गुडघा माझा सुजलाय, त्यांचा नाही.) मग लपाछपी. सनी असा लपला की मी आणि निकितानं सगळ्या ओळी पालथ्या घातल्या, अन् साहेब घरात आजीच्या मांडीवर शेंगा खात बसलेले. निकितानं त्याला सोडून मलाच झापलं. (बायको माझी, बाजू भाच्याची.)

शेवटी दमून मी घोडचूक केली. म्हटलं, जा, कुठला घड गारठलाय ते ओळीओळीनं बघून या. मला वाटलं, तेवढंच पळतील. पळाली ना! घरातले यच्चयावत लोकरीचे कपडे घेऊन पळाली. मी चहा पिऊन बाहेर येतो तर पहिल्या ओळीतल्या घडांना स्वेटर, मफलर, निकिताची शाल, तू विणलेली माझी माकडटोपी. (माझे पायमोजेसुद्धा, एका घडाला एक.) आणि ही दोघं नुसत्या बनियनवर, घामाघूम! माल बघायला आलेला व्यापारी टोपीतल्या घडाकडे बघून म्हणाला, "शेखरशेठ, याला ताप हाय का?" मी सगळं काढायला गेलो तर आई आडवी आली. म्हणाली, "राहू दे रे, पोरांनी मायेनं घातलंय." आता दाद कुणाकडे मागायची?

तेव्हापासून या घरात ऊब आहे ती फक्त द्राक्षांना. पोरं दिवसभर टोप्या सरळ करायला पळतात आणि जेवता जेवता झोपतात. कुडकुडतोय आम्ही. माझं डोकं फिरायची वेळ आलीय, पण पोरांना नेऊ नको.

तुझा,
शेखर

ता. क. ती शिंक माझी होती. (आईशप्पथ लिहिणार होतो, पण ती शेजारीच बसलीय.)

ता. क. आई आत्ता उठून गेली. शिंक तिचीच होती. आजीलाच सर्दी म्हटल्यावर तू पोरं नेशील या भीतीनं तिनं ती माझ्या नावावर लिहायला लावली. फोन वाजला की आता पदर तोंडात कोंबून बसते.

ता. क. यायचंच असेल तर एक स्वेटर घेऊन ये, आईच्या मापाचा. तिचा पहिल्या ओळीत आहे, आणि ती कुणाला काढू देत नाही.