मधलं कापायचं नाही

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणासाठी नाही, स्वतःसाठी. माणसाने निदान स्वतःशी तरी प्रामाणिक असावं.
स्टुडिओत नवं काम आलंय. परदेशी थ्रिलर, मराठीत डब करायचा. गोष्ट अशी की एक तरुण मुलगी भोळी, एकटी असल्याचं सोंग घेते आणि जे पुरुष ‘मदत’ करायला म्हणून अंगचटीला येतात त्यांना त्यांच्याच घरात कोंडून त्यांच्याच तोंडून सगळं वदवून घेते. असे तीन नग आहेत. तिसरा सगळ्यांत वाईट, उतारवयाचा प्राध्यापक, गोडबोल्या. डबिंग डायरेक्टर मी, मराठी संवाद माझे, तिसऱ्याचा आवाजही माझाच. मालकीणबाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय आहे कोण? खरंच, आहे कोण? अठरा वर्षं झाली इथे.
संकल्प: सिगरेट बंद. नव्या कलाकारांवर खेकसणं बंद.

५ मार्च, बुधवार
हिरॉइनच्या आवाजासाठी नवी मुलगी निवडली. चोवीस वर्षांची. आजवर फोनवरच्या ‘कृपया प्रतीक्षा करा’ छापाच्या सूचनाच काय त्या केल्यात. काडीपैलवान आहे, पण आवाजाला धार. मी तिचं नाव चिमणी ठेवलं. तिने स्वतःचं नाव पुन्हा एकदा सांगितलं. ऐकू आलं होतं मला. चिमणी जास्त गोड आहे.
तिला आमचा नियम सांगितला. दोन टेकच्या मधे रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. कलाकार बेसावध असतो तेव्हाच अस्सल सूर लागतो. कितीतरी उसासे, हुंदके मी त्या मधल्यातून उचललेत. ‘मधलं कापायचं नाही’ अशी पाटीच आहे काचेवर, माझ्या अक्षरात. सगळं डिस्कवर जपून ठेवतो आमचा साउंड इंजिनीअर. चिमणी ती पाटी बराच वेळ बघत होती. शिकायची तळमळ आहे पोरीला.

१० मार्च, सोमवार
तिसऱ्याचे संवाद लिहायला घेतले. मूळचे अगदीच भिकार. ‘तुला सोडणार नाही’ वगैरे. असं कोण बोलतं? ओठही जुळत नाहीत. सगळं नव्याने लिहिलं. ‘घाबरतेस काय, मी काय खातोय तुला?’ ‘माझी मुलगी तुझ्याएवढी आहे.’ ‘या लाइनीत तुझं नाव मीच करणार, एवढं लक्षात ठेव.’ दोन तासांत वीस पानं. सुचायला वेळच लागला नाही, जिभेवरच होतं जणू.
इंजिनीअर वाचून म्हणाला, सर, अगदी खरं वाटतंय. मग गप्पच झाला. भारावला असणार.

१२ मार्च, बुधवार
चिमणीचा श्वास छातीतून येतो. पोटातून यायला हवा. बूथमधे जाऊन पाठीवर हात ठेवून शिकवलं. ती एकदम ताठ. नवखेपणा, दुसरं काय. अठरा वर्षांत कितीजणींना असं शिकवलं, एकीनेही कधी ब्र काढला नाही. दोघीतिघी मधेच काम सोडून गेल्या. पण इथे टिकायचं म्हणजे जात्याच चिकाटी लागते.
सिगरेट एक. टेन्शनमुळे.

१४ मार्च, शुक्रवार
डोक्याला ताप. लेकीची पहिलीच नोकरी, तीन महिने झालेत. जेवताना सांगत होती, तिचा साहेब तिला ‘बाहुली’ म्हणतो. सगळे गेल्यावर थांबवून घेतो, म्हणे कामातलं बारीकसारीक शिकवायला. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, उद्याच येतो तुझ्या ऑफिसात, तंगडं मोडून हातात देतो त्याच्या. असल्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे. बायको म्हणाली, आधी जेवा. लेक म्हणाली, तुम्ही येऊ नका बाबा, मी बघते. बघते काय? लेखी तक्रार कर म्हटलं, आणि आधी पुरावा गोळा कर. असली माणसं पुराव्याशिवाय वठणीवर येत नाहीत.
झोप नाही लागली. काय दिवस आलेत. पोरींनी कामं करायची तरी कशी?

१५ मार्च, शनिवार
दुपारी सगळे गेल्यावर चिमणीला थांबवून घेतलं. कामातलं बारीकसारीक शिकवायला. इंजिनीअरला चहाला पिटाळलं. जाताना विचारतो कसा, रेकॉर्डिंग बंद करू का सर? असा झापला! नियम म्हणजे नियम, मग तो माझ्यासाठी का असेना.
चिमणीला एक नवीच खोड लागलीय. जे चाललंय ते मोठ्याने बोलून दाखवते. सर, तुमचा हात माझ्या कमरेवर आहे. सर, मी दोनदा नको म्हणाले. तेही माइककडे तोंड करून, सावकाश, सुट्या सुट्या शब्दांत. फोनवरच्या सूचनांची जुनी सवय. उच्चार मात्र स्वच्छ झालेत. श्रेय कोणाला?

१९ मार्च, बुधवार
माझे सगळे सीन झाले. एकेका टेकमधे. काचेपलीकडे सगळे सुन्न.
शेवटच्या सीनमधे हिरॉइन प्राध्यापकाला म्हणते, ‘आता तूच सांग, तू काय केलंस.’ चिमणीने हे वाक्य स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघून म्हटलं. चूक आहे ही, अशाने ओठ जुळत नाहीत. पण मला दरदरून घाम फुटला. एसी नीट चालत नसावा.

२३ मार्च, रविवार
चिमणीला चार मेसेज टाकले. निव्वळ काळजीपोटी. तिसऱ्यात जरा बजावलं, या लाइनीत तुझं नाव मीच करणार, एवढं लक्षात ठेव. चारही वाचलेत, उत्तर एकाचंही नाही. करावं भलं तर हे असं. लेकीने विचारलं, एवढं काय बघताय फोनमधे? म्हटलं, काम.
सिगरेट चार.

२४ मार्च, सोमवार
मालकीणबाईंनी उद्या अकराला बोलावलंय. बहुतेक स्टुडिओचा हेड करणार. इंजिनीअरला आडून आडून विचारलं, तर तो वर न बघता केबल गुंडाळत बसला. पोटात ठेवतोय, सरप्राइज असणार. कोट इस्त्रीला दिला. भाषणाचे मुद्दे काढले: स्टुडिओ म्हणजे कुटुंब, इथल्या मुली म्हणजे माझ्या लेकीच.

२५ मार्च, मंगळवार
लिहायचं नव्हतं. पण प्रामाणिकपणाचं बोललो होतो.
खोलीत मालकीणबाई, एक वकीलबाई, इंजिनीअर आणि चिमणी. पुष्पगुच्छ वगैरे काही नाही. मालकीणबाई म्हणाल्या, आधी ऐकून घ्या. इंजिनीअरने बटण दाबलं. माझा आवाज आला. माझी मुलगी तुझ्याएवढी आहे, घाबरतेस काय, मी काय खातोय तुला. वा! मऊ, आतून आलेला, मधे एक श्वास, शेवटी बारीकसं हसू. मी डोळे मिटून ऐकलं. म्हटलं, हाच टेक ठेवा, परवाच्यापेक्षा कितीतरी सरस आहे. कुठला सीन हा?
इंजिनीअरने बटण बंद केलं. मग चिमणी बोलली.
“सीन नाही सर. हे मधलं आहे. तुम्हीच म्हणता ना, मधलं कापायचं नाही.”
असे एकतीस तुकडे होते. मी म्हणालो, मागचापुढचा संदर्भ लक्षात घ्या. वकीलबाई म्हणाल्या, तोही रेकॉर्ड झालाय. जुन्या डिस्कमधून सात वर्षांपूर्वीची एक मुलगीही निघाली, काम सोडून गेलेल्यांतली. ती फक्त ‘सर, प्लीज’ म्हणत होती. आवाज मी लगेच ओळखला. नाव काही केल्या आठवेना. मैना म्हणायचो तिला.
चौकशी संपेपर्यंत स्टुडिओत पाऊल टाकायचं नाही. प्राध्यापकाला दुसऱ्याचा आवाज देणार. संवाद मात्र माझेच राहणार. मालकीणबाई म्हणाल्या, त्यांत बदलण्यासारखं काही नाही, ऐकणाऱ्या बायका बरोबर ओळखतील. अठरा वर्षांत त्यांनी माझं एवढंच कौतुक केलंय.
निघताना वकीलबाईंच्या कागदावर चिमणीचं खरं नाव दिसलं. चष्मा लावला नव्हता.

२६ मार्च, बुधवार
घरी सांगितलं, रजा घेतलीय. बायकोने काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.
लेक हसत घरी आली. साहेबाची लेखी तक्रार केलीन, पुराव्यासकट. ऑफिसातल्या आणखी दोघी पुढे आल्या म्हणे. तुमच्यामुळे हिंमत झाली बाबा, म्हणाली, आणि गळ्यात पडली. माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना.

२८ मार्च, शुक्रवार
सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचाय. नक्की काय बोललो आणि कोणत्या हेतूने. हेतू स्वच्छ होता हे सिद्ध करायचं म्हणून दार लावून एकेक वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं, बापाच्या मायेने म्हटल्यासारखं वाटतं का. नाही वाटलं. हळू म्हणून बघितलं. आणखी हळू. मग हसून. हसून सगळ्यांत वाईट वाटलं.
दार उघडलं तर बाहेर लेक उभी. केव्हापासून होती देव जाणे. कोणाशी बोलत होता, म्हणाली. सांगितलं, कोणाशी नाही गं, सिनेमातला तो तिसरा नग, त्याची प्रॅक्टिस.
ती एक पाऊल मागे सरकली.
“भारी जमलाय बाबा. आमचा साहेब अगदी असाच बोलतो. अंगावर काटा आला माझ्या.”
मी थँक्यू म्हणालो.