उत्तर फोनवर भेटत नाही

१५ जून, रवि.

नाही, मी स्टँडवर थांबलो नाही. बस हलली अन् मी निंघालो. पाण्याच्या टाकीपाशी कोणी म्हातारा सायकल धरून उभा दिसला असन, तं तो दुसरा कोणी. उमरखेडात म्हाताऱ्याइची काय कमी हाय?

नात गेली पुसदले. आमू. तिच्या मायनं दुसरं लग्न केलं, लेकरू मायसंगंच जाईन, त्यात बोंबलाचं काय. राहुल, माहा पोरगा, गेला तवा सुनेचं वय काय होतं? मीच म्हणलं वैशालीले, कर लग्न. विहारात गेलतो, जेवलो, वापस आलो. तवाच सांगून टाकलं, लग्नाले आलो, पण त्या घराची पायरी मी चढणार नाही. तठी माहं काय काम.

पोट्टी खिडकीत बसली तं ओठ थरथरून राह्यले. मले असे तमाशे जमत नाही. म्हणलं, घे, कोडं घे.

भरली तं हलकी, रिकामी तं भारी,
मांगं मांगं येते, हिंडते दारोदारी.
संगं असन कोणी तं चुपचाप जाते,
एकटी राह्यली का खडखड गाते.

रडणं थांबलं. बोटावर ओळी मोजाले लागली. बस गेली.

घरी आलो तं मापाचा टेप गळ्यातच. मशीनवरून उठलो तसाच गेलतो. लोक हासले असतीन. हासो.

१८ जून, बुध.

गणवेशाचे दिवस. निळ्या चड्ड्या, अन् निळ्या चड्ड्या. मशीनचा पट्टा तुटला, नवा टाकला.

कोड्याचं लफडं झालं. त्याले उत्तरच नाही.

कोडं करतानी आधी उत्तर धराव लागते, मंग त्याच्यावर ओळी झाकाव लागतात. मी घाईत नुसत्या ओळी झाकल्या. वरून खिसा शिवला, आत कापडच नाही. असं कधी झालं नव्हतं. राहुल लहान होता तवा किती घातले, साऱ्याइले उत्तर होतं. आमूले पह्यलं घातलं ते अजून याद हाय.

एका डोयाची बाई, चिंधी चिंधी खाई,
शेपूट राह्यते मांगं, पोट भरत नाई.

तिनं सरळ मशीनच्या सुईवर बोट ठेवलं होतं. डोक्स खाजवलं नाही का काही नाही.

आता हे नवं. पण आमच्या घरचा नेम हाय, उत्तर फोनवर भेटत नाही. हरला त्यानं समोर याव, दोन्ही कान धराव, हरलो म्हणाव. मंग सांगतो. चांगला नेम हाय. नेमानं माणूस येते.

२२ जून, रवि.

फोन आला. रविवारी माय करू देते.

"आबाजी, ढोलकी?"

"ढोलकी भरते का कोणी? नाही."

"ढग?"

"रिकामा ढग भारी असते का? नाही."

"मंग सांगा ना."

"ये अन् कान धर."

"तुम्हीच या ना अठी."

"मले काम हाय."

मंग हळूच, तोंडाशी हात धरून असन, "आबाजी, ते अस्वलावानी हायेत. हातावर एवढे केस." ते म्हणजे प्रशांत, वै.चा नवरा. मोटार वाइंडिंगचं दुकान हाय त्याचं. असं बोलू नाही, म्हणलं. पण हासू आलं. खोटं कायले लिहू.

२९ जून, रवि.

आमू म्हणे बादली. मंग म्हणे झोका. दोन्ही नाही.

वै. मांगून बोलली, "मामाजी, तिचं पुस्तक राह्यलं तठी. कोणी येणारं असन तं पाठवता का?" पाठवतो म्हणलं. पाठवलं नाही.

'अस्वलाचा सदरा'. कटिंगच्या टेबलावर पडून हाय, ती बसे तिथंच. अस्वल शिंप्याकडं येते, सदरा शिवून दे म्हणते. शिंपी भेवानं डोये मिटून माप घेते. त्या पानावर रोज हासे अन् रोज म्हणे, "हा तुम्ही." आज पुरं वाचलं. चित्र काढणाऱ्यानं जन्मात सदरा पाह्यला नाही, बटनं उलट्या बाजूले. अन् डोये मिटून घेतलेलं माप बरोबर कसं बसते? शेवटी अस्वल नाचते म्हणे. काखेत फाटलं असतं.

परत एकदा वाचलं.

४ जुलै, शुक्र.

भांडण झालं.

"मामाजी, जयभीम. वाईट वाटू देऊ नका." वै.चा फोन. असं सुरू झालं का समजाव, आता वाईट वाटणार.

म्हणे, पोरगी जेवता जेवता थांबते अन् ओळी म्हणते. वर्गात बाई उभी करते, हिचं ध्यानच नाही. प्रशांतशी एक शब्द बोलत नाही. पलंगाखाली थैली भरून ठेवली, फ्रॉक अन् कंगवा. आबाजीकडं जाऊन हरली म्हणते, अन् मंग तठीच राह्यते, असं चाललं तिचं.

"उत्तर सांगून टाका. मोकळी करा तिले."

"फोनवर सांगत नसतो."

"नेम तुमचा अन् हाल लेकराचे. तुम्ही गळ टाकला मामाजी. तिच्या गळ्यात अडकला तो."

फोन ठेवला. ठेवला म्हणजे कापला.

खरं बोलली. पण तोंडावर कायले बोलाव...

अन् सांगू काय? असन तं सांगू.

१३ जुलै, रवि.

फोन नाही. मांगच्या रविवारीही नाही आला.

दिवसभर उत्तर शोधून राह्यलो. पिशवी? भरली का जड. बस? रिकामी खडखडते, पण मांगं मांगं कुठी येते. सावली? तिले भरते कोण. एका गिऱ्हाइकाले विचारलं तं तो म्हणे, बायको. हाकलला.

काहीतरी खोटं ठोकून द्याव, तं आमू एकेक ओळ लावून पाह्यते. पकडन. मंग आबाजीचं कोणतंच कोडं खरं राहणार नाही.

ठरवलं. सरळ सांगतो. उत्तर नाही, म्हाताऱ्यानं घाईत केलं, थैली रिकामी कर अन् शाळेत ध्यान दे. मंग ती फोन करन का नाही करन, तिची मर्जी. अन् मंग दिवाळीच्या सुट्टीत तरी ती अठी कायले येईन...

आज नाही करत. उद्या.

१५ जुलै, मंगळ.

काल लाईट नव्हती, काम अडलं. फोन राह्यला. लाईटचा अन् फोनचा काही संबंध नाही, मले माहीत हाय.

आज म्या कराच्या आधी तिकडूनच आला. अनोळखी नंबर.

"काकाजी, जयभीम. प्रशांत बोलून राह्यलो." आवाज जाड, पण भेलेला.

उत्तर नाही म्हणून माह्या जिभेवर आलंच होतं. त्यानं आधी बोलून घेतलं. म्हणे, मांगच्या आठवड्यात म्या सहज म्हणलं, ट्रॅक्टरची ट्रॉली असन. तं पोरगी पह्यल्यांदा माह्याशी बोलली. "भरली ट्रॉली हलकी असते का? येडेच हा तुम्ही." तवापासून शाळा सुटली का दुकानात येऊन बसते. पान्हा दाखवते, तार दाखवते, हे व्हय का, ते व्हय का.

"काकाजी, उत्तर नका सांगू अजून. वैशाली काही म्हणो. आमच्यात बोलाले तेवढंच हाय."

मी व्हय म्हणलं. 

चड्डीची शिलाई तिरपी गेली. उसवली, परत घातली.

माणूस चांगला हाय. तेच तं...

२० जुलै, रवि.

"आबाजी, भेटलं!"

 जे मलेच माहीत नाही ते हिले कसं भेटलं?

प्रशांतनं आपल्या सायकलले मांगं शीट लावली तिच्यासाठी. ही शाळेपाशी उतरली, तो रिकामी सायकल घेऊन वळला, तं शीट खडखडली.

"तुमच्या सायकलची मांगची शीट! मी बसली का तुम्हाले हलकी लागे, तुम्हीच म्हणत होते. आता मी नाही, तं भारी. मांगं मांगं येते. मी असली का चूप, मी नसली का वाजते. बरोबर का नाही?"

साऱ्या ओळी बसल्या. एक टाका सैल नाही. स्टँडवर सायकल माह्या हातातच होती तवा.

चूक म्हणाव वाटलं. लय वाटलं. चूक म्हणलं का ती येईन, कान धरीन, थैली घेऊन येईन.

"बरोबर," म्हणलं.

"मंग मी हरली नाही. मंग येत नाही," म्हणे. हासत. लेकरू हाय.

मांगून वै. म्हणाली, "दिवाळीत पाहू ना, मामाजी." पाहू म्हणे.

"आता माहं घ्या," आमू म्हणे. "मी अन् अस्वलानं मिळून केलं." आता तोंडावरच अस्वल म्हणते त्याले, अन् तो बाजूले खो खो हासून राह्यला.

गळ्यात पडते, पण हार नाही,
आकडे अंगावर, पण वार नाही.
अस्वलाले घालते मिठी,
तरी भेव नाही पोटी.

"सांगा."

"हरलो."

"इतक्यात? इचारही नाही केला!"

"बुढा झालो. सांग तूच."

"फोनवर भेटत नाही. पुसदले या. कान धरा. आमच्या पायरीवर, साऱ्याइच्या समोर."

२१ जुलै, सोम.

नेम माहाच. बोलाची सोय राह्यली नाही.

गणवेश पडून हायेत, एक बाई दुकानात येऊन चिडून गेली. सायकलची शीट पान्ह्यानं आवळून पाह्यली, वाजतेच. अस्वलाच्या पुस्तकाले कव्हर घातलं, थैलीत टाकलं. टेपही टाकला. एवढ्या मोठ्या माणसाचा सदरा कोणी अंदाजानं शिवत नसते, म्हणून. दुसरं काही नाही.

चहावाला विचारून राह्यला, काका, उद्या दुकान बंद हाय का? त्याले काय करायचं हाय.

कोड्याचं उत्तर मले येते का नाही, ते लिहिणार नाही. जातो का नाही, तेही नाही. कोणी विचारू नका. झालं.