पाणमांजरीचं माहेर

आये, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, तरी बांधाचं काही झालं की पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटतं. भादव्याच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी आपला खारबांध खचला. फुटला नव्हता, पण दुपारच्या उधाणात गेलाच असता आणि खाडीचं खारं पाणी पोटरीवर आलेल्या भातात शिरलं असतं. दादाचा फोन आला तशी मी वरशाच्या घरून निघाले. खचला होता तो तुझ्याच वळणापाशी.

तुला आठवतं ना ते वळण? थोरलीचा नवरा पहिल्यांदा जेवायला यायचा होता, त्याच्यासाठी तू तळ्यात जिताडा पोसला होतास आणि पाणमांजरीनं तो रातोरात फस्त केला. सकाळी चुलीपुढे बसून तू काय काय शिव्या घातल्या होत्यास! ‘मेलीचं वाटोळं होवो!’ दादा उत्साहानं बांधातल्या तिच्या बिळाशी फास लावून आला, तर तूच तो उपटून खाडीत फेकलास आणि वर त्याच्या थोबाडीत दिलीस. ‘लेकुरवाळी हाय ती! पोरं मोठी होऊंदे, मंग बघू.’ त्याच साली बांधाला खांड पडली. बांध सावरायला गावाचा जोळ निघाला, घरटी एक माणूस, आपल्या घरातून तू. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे चालली होती, आणि बीळ आलं तशी तू आडवी उभी राहिलीस. बिळाला वळसा घालून माती खाडीच्या अंगानं, बाहेरून न्या म्हणालीस. माणसं करवादली, ‘हिचं काय माहेर हाय काय इथं,’ म्हणाली, पण नेली बाहेरून. तेव्हापासून गाव त्या वळणाला पाणमांजरीचं माहेर म्हणतं.

आता जोळ नाही, आये. कोणी नागोठण्याला कंपनीत, कोणी आखातात, निम्म्यांनी तर जमिनीच विकल्या. ‘शिफ्ट सोडून चिखलात कोण येतो गो?’ दादा म्हणाला. त्यानं पोकलेन मागवला होता. मी वळणापाशी खाली उतरले तर चिखलात ताजी पावलं, माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा आणि आतून पिल्लांची चिवचिव. वनखात्याला फोन लावला. माणूस भला होता, सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, उद्या कुणालातरी पाठवतो. उद्या! भरती तासाभरावर आली होती.

मी मशीनपुढे उभी राहिले, तुझ्यासारखी, आणि माती बाहेरून टाक म्हणाले. ड्रायव्हर बिचारा खाली वाकून म्हणाला, ‘ताई, बाहेरून माती टाकायला खाली भुई कुठाय? मशीन बसंल चिखलात.’ खरंच होतं. हातांनी जे जमतं ते त्या धुडाला जमत नाही. मग दादा जवळ आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. तो हळूच म्हणाला, ‘आय उभी राहिली तवा तिच्या मागं सारा गाव होता. तुझ्या मागं कोण हाय?’

मी मागे बघितलं नाही. बाजूला झाले.

बांध सरळ झाला, बिळावरून दाबून घट्ट झाला. पिल्लांची आई त्या वेळी शिकारीला गेलेली असावी, कारण थोड्या वेळानं ती पाण्यात दिसली. डोकं वर काढून शिट्टीसारखी ओरडायची, बुडी मारायची, पुन्हा तिथंच वर यायची. कांदळाच्या मुळांत जायची, परत यायची. दादा तिच्याकडे पाठ करून बिडी ओढत बसला होता. त्यालाही ऐकू येत होतं.

हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणूनच लिहितेय. तू समोर असतीस तर पुढचं सांगायचा मला धीर झाला नसता. भरती आली, बांधाला लागली आणि बाहेरच थांबली. आत आपलं भात हिरवंगार उभं होतं. ती अजून ओरडत होती, आये, आणि तरी भात बघून मला बरं वाटलं.