संगणक विभागातली नवी जागा

मुलींचे वसतिगृह, नांदेड
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय अमरेशदादा,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरा असशील असं धरून चालते. फोन केला की तू "कामात हाय, मागून बोलतो" म्हणतोस आणि मागून काही येत नाही. मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. म्हणून कागद घेतला.

आधी चांगली बातमी. 'कमवा आणि शिका'तलं ग्रंथालयाचं काम मी सोडलं. सहा महिने पुस्तकांच्या पाठीवर नंबराच्या चिठ्ठ्या डकवल्या, पुरे झालं. आता विद्यापीठाच्या संगणक विभागात आहे. मानधन जवळजवळ दुप्पट. परीक्षेचे फॉर्म सुरू झालेत, तर पोरांचे फोन घ्यायला त्यांना विद्यार्थीच हवे होते. खोलीत एसी आहे, पण तो मशीनसाठी, माणसांसाठी नाही, असं विभागाचे दयानंद सर म्हणतात. मी स्वेटर घालून बसते.

दिवसभर एकच. पासवर्ड विसरला, फोटो चढंना, नावात वेलांटी चुकली. किनवटकडची एक मुलगी नेटवर्कसाठी रोज शाळेच्या गच्चीवर चढून फोन करते आणि मला मॅडम म्हणते. मला लई भारी वाटतं.

अप्पांना सांगितलं, तर दुकानात बी-बियाणं घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगून राहिलेत, आमची अंबी विद्यापीठाचा कॉम्प्युटर चालवते. सांगायला नको होतं का, कळत नाही. कारण गेल्या सोमवारी त्यांचा फोन आला.

"उदगीरचे पंचाक्षरी शिवरात्र झाल्यावर अमरेशच्या सोयरिकीसाठी पोरीला घेऊन येणार हायत. माणूस चांगला हाय, पण पोराचे मार्कांचे मेमो बघायचे म्हणतेत. अमरेशला दोन महिने झाले मागून राहिलो. तू तिथंच बसलीस की. काढून पाठव."

"अप्पा, तसं नसतंय."

"घरच्याच पोराचं काढायचं. त्यात काय हाय?"

दादा, पहिल्या दिवशी माझ्याकडून सही घेतली होती, की तक्रार आल्याशिवाय कुणाचीही नोंद उघडणार नाही. मी उघडली. तक्रार नव्हती, म्हणून तुझ्या नावानं मीच लिहिली: 'गुणपत्रिका दिसत नाही.'

एमएस्सीच्या पहिल्या सत्राचा निकाल आहे. चांगला आहे. पुढं काहीच नाही. दुसऱ्या सत्राचा फॉर्म नाही, तिसऱ्याचा नाही. मला वाटलं दुसराच कुणी अमरेश उघडला. आईचं नाव बघितलं, शिवकांता. फोटो तुझाच.

गेल्या मे महिन्यात तू घरी फोन केला होतास, पेपर लांबलचक होता, शेवटचा प्रश्न राहिला. आई त्या प्रश्नासाठी चार दिवस हळहळत होती. तेव्हा तू कुठं होतास?

आता जे लिहिते, ते लिहावं की नाही कळंना. ती रिकामी जागा बघून मला आधी बरं वाटलं. क्षणभरच. चौथीपासून 'दादासारखं कर' ऐकत आले, त्याचं असेल. मग स्वतःची लाज वाटली, आणि तुझी काळजी त्यानंतर. पण आधी बरं वाटलं, हे खरं.

शनिवारी दयानंद सरांनी विचारलं, "ही तक्रार कुठल्या फोनवरून आली?"

मला खोटं सुचलं नाही. मी म्हणाले, "भाऊ हाय माझा, सर."

"काही बदललंस?"

"न्हाई. फक्त बघितलं."

"बघणंही कमी नसतं, बाळ," सर म्हणाले आणि माझ्याकडून लेखी घेतलं. कालपासून मला नोंदी उघडता येत नाहीत. प्रिंटरचा कागद भरते. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

रविवारी अप्पांना सांगितलं, माझ्याकडून मेमो निघणार नाही, दादालाच समोर बसून विचारा. ते मग म्हणाले, "अंबे, काही हाय का?" मी म्हणाले, तो सांगेल. म्हणजे मी सांगितल्यासारखंच झालं. ते बुधवारी, ११ तारखेला तुझ्या खोलीवर येतेत. मी तुला अडकवलं की सोडवलं, खरंच समजत नाही.

मी आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळीच लातूरला तुझ्याकडे येते. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर नुसते जेवू. बुधवारी तुझ्या बाजूला बसेन. बोलायचं मात्र तुलाच.

तुझी अंबिका


नांदेड, शुक्रवार, १३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पोचले. दोन दिवस तुझंच बोलणं आठवून राहिले. वर्गात बसलं की छाती दडपून यायची, श्वास पुरायचा नाही, म्हणून जाणं सोडलं. हे तू वर्षभर एकट्यानं कसं झाकलंस? आता कामाला जातोस त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये माणसांच्या हातात सुई घालताना मात्र काही होत नाही, म्हणालास. अप्पांना सांगताना तुझा आवाजही हलला नाही. ते ओरडतील म्हणून मी खाली बघून बसले होते. वर बघितलं तर त्यांचा हात तुझ्या पाठीवर होता. उदगीरच्या पाहुण्यांना त्यांनी तिथूनच फोन लावला, "सध्या येऊ नका, आधी पोराचं मन बघू द्या."

मला हायसं वाटायला पाहिजे होतं.

परतीला बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. अप्पा एवढंच म्हणाले, "तुला आधी ठाऊक होतं. बापाला सांगावं वाटलं न्हाई." मी म्हणाले, सांगण्याचा हक्क दादाचा होता. त्यावर ते आपलं चाकूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. उतरले आणि मागं न बघता चालू लागले. तुझं खोटं त्यांनी एका दुपारी माफ केलं. माझं गप्प राहणं त्यांना का लागलं, मला कळत नाही.

सर म्हणतात, मार्चपासून पुन्हा नोंदींचं काम देतो, तयारी असली तर. मी हो म्हणाले नाही. ग्रंथालयात परत जाते असंही म्हणाले नाही.

अप्पा तुझ्याशी आता रोज बोलत असतील. माझी बाजू मांडू नकोस. अंबी फोनची वाट बघते, एवढंच त्यांच्या कानावर घाल.

तुझ्या बाजूला बसलेली,
अंबिका