आईच्या अंगठीचा ठेका

प्रिय धाकटोबा,

आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारते आहे, म्हणजे निदान पहिली ओळ तरी रागानं वाचणार नाहीस.

आईच्या आठवणीसाठी सगळे जमलो, तू तिचं गाणं लावलंस आणि मी सगळ्यांसमोर कानामागचं यंत्र काढून हातात घेतलं. मावशी शेजारणीला काय म्हणाली ते मला ओठांवरून कळलं. "दगड आहे नुसती." नंतर तुझा निरोप आला, "आईचा आवाज ऐकवत नव्हता तर बाहेर जाऊन बसायचं होतंस." त्याचं उत्तर आज लिहिते आहे. मला पटकन बोलता येत नाही, ठाऊकच आहे तुला. आपल्या घरातली सगळी बडबड तुझ्या आणि आईच्या वाट्याला आली.

मी पुन्हा कामावर जाते आहे. काल एक आजोबा चष्मा न्यायला आले. डोळ्यांवर चढवला, भिंतीवरची पाटी घडाघडा वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अरेच्चा, तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या होय!" सगळं दुकान हसलं, मीही हसले. लोकांना माझ्या कानातल्या इम्प्लांटचंही तसंच वाटतं. ऑपरेशन झालं, यंत्र लावलं, आता काय, सगळं ऐकू येत असणार. बोलणं येतं रे. शांत खोलीत समोर बसून कुणी बोललं तर चांगलं कळतं. पण सूर येत नाही. तापानं कान जाण्याआधीची गाणी डोक्यात शाबूत आहेत, आणि तीच यंत्रातून ऐकली की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाटतात. म्हणून मी लग्नाकार्याला जायचं टाळते. माझं डोकं दुखण्याचं निमित्त आता सगळ्यांना पाठ झालं आहे.

यंत्रातून ऐकण्याचा सराव घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, काहींना गाणं हळूहळू पुन्हा जमतं. एकच ओळखीचं गाणं घ्या, एकच आवाज, रोज. मी आईचं घेतलं. हे तिनं तुला सांगितलं नसणार. दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो. ती गायला लागली की मी चेहरा सरळ ठेवायचे, पण तिच्यापासून काय लपतं? एक दिवस मध्येच थांबून म्हणाली, "इतकं का वाईट गाते मी?" आणि हसत सुटली. त्यानंतर तिनं सूर सोडूनच दिला. अंगठीनं टेबलाच्या कडेवर ठेका धरायची आणि शब्द नुसते बोलायची. ठेका मला लख्ख ऐकू येतो. त्या टकटकीवरून शब्दांबरोबर चालत गेलं की कडव्याच्या शेवटी तिचा पूर्वीचा सूर माझ्या डोक्यात आपोआप उमटायचा.

तू रेकॉर्डिंग केलंस तेव्हा मी तिच्यासमोरच बसले होते. तू म्हणालास, "आई, अंगठी काढ, टकटक येतेय." ती म्हणाली, "तुझ्या माईकला सांग, सवय करून घे." मग खोकली. मग दूध उतू गेलं म्हणून ओरडली. आणि दुसऱ्या कडव्याआधी तुला हातानं थांबवून म्हणाली, "थांब रे, थोरली बसलीय. तिला कळायला हवं." पुढचं कडवं तिनं माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

त्या दिवशी सगळ्यांमध्ये बसून मी त्या टकटकीची वाट बघत होते. तू किती मेहनतीनं सगळं साफ केलंस, मागे वाद्यं घातलीस, ते मला कळतं. लोक म्हणाले, आई खोलीतच बसून गाते आहे असं वाटलं. मला मात्र खिळा आणि पत्रा तेवढाच आला. मला तिला तसं ऐकायचं नव्हतं, म्हणून यंत्र काढलं. सगळे रडत होते. मी अजून रडलेले नाही. मावशीचं अगदीच चुकलं असंही नाही.

मामा सांगत होते, साफ केलेली प्रत तू सगळ्यांना पाठवणार आहेस आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकणार आहेस. पुसू नकोस. मला गाणं नको, ते तुमच्याकडे राहू दे. तू कापलेलं सगळं मला दे. अंगठी, खोकला, उतू गेलेलं दूध, आणि ती माझ्यासाठी थांबली ती जागा. पुसून झालं असेल तर तसंही कळव, मी रागावणार नाही. अंगठी माझ्याकडे आहे, टेबलही आहे, ठेका मी धरेन. शब्द म्हणायला मात्र तुला यावं लागेल. तिच्यासारखं बोलणं दुसऱ्या कुणाला येत नाही.

तुझीच,
थोरली