बाबूजींचा दुखवटा

पांढुर्णा
९ मे

प्रिय सुचिता,

सप्रेम नमस्कार. तू नागपुरात खुशाल असशील, आणि तुमच्या खोलीतला कूलर यंदा तरी वेळेवर दुरुस्त झाला असेल. इकडे सगळे ठीक. फोन न करता पत्र लिहितेय, याचं नवल वाटेल तुला. माझा फोन सध्या आईच्या कपाटात असतो. का, ते पुढे सांगते.

बाबूजी गेल्याचं तुला टीव्हीवरूनच कळलं असेल. मला ते बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात कळलं. मी काज करत बसले होते. बाबांनी मशीन थांबवली, पायातली चप्पल काढली आणि तसेच उभे राहिले. गिऱ्हाईकही उभं राहिलं. पाच मिनिटांत पार्टीचा माणूस आला, काळ्या फिती पाहिजेत म्हणाला, आणि मग आम्हाला रडायलाही वेळ मिळाला नाही. छत्रीचं कापड संपलं तेव्हा बाबांनी वकिलाच्या कोटासाठी आणलेलं कापड फाडलं. आई, मी, धाकटा चेतन, तिघंही टाचण्या लावत होतो. चेतनच्या बोटाला टाचणी टोचली तर आई म्हणते, "अबे, बाबूजीसाठी एवढंसंक रगत गेलं तं काय झालं."

तुला आठवते ती आठवीतली सभा? आपण दोघी कन्याशाळेच्या रांगेत होतो. बाबूजी हिंदीत बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, तुम्ही घरात मराठी बोलता ना, मग मीही दोन वाक्यं बोलतो. किती चुकीचं बोलले होते, आणि सगळं मैदान कसं टाळ्या वाजवत होतं. आपलं राज्य हिंदीचं, आपण मराठीचे. आपल्याकडे कोणी वळून पाहिलं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. माझं त्यांच्यावर खरंच प्रेम होतं, सुचिता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला शंका येईल.

सौसरचे यशवंतराव तुला ठाऊक आहेत. पार्टीचे जुने कार्यकर्ते, सगळा तालुका ज्यांना काकाजी म्हणतो ते. त्यांनी जाम नदीवर जाऊन मुंडण केलं. स्वतःच्या घरी सुतक धरलं. "मले बाप नव्हता, बाबूजीच बाप," म्हणाले. काल अस्थिकलशाचा रथ लोधीखेड्यावरून सौसर करत आपल्या गावात आला, तेव्हा चौकातल्या शोकसभेत तरुणांच्या वतीने मी बोलावं, हेही त्यांनीच ठरवलं.

मी बोलले. लिहून नेलेला कागद काढलाच नाही. मी म्हणाले, नेता गेला की सभा होते, पण बाप गेला की घर दुखवट्यात बसतं. आपण सभा करून उठून जाऊ नये. आपल्या घरात मंगल कार्य असेल तर ते थांबवावं, कारण बाबूजी आपल्या सगळ्यांचे वडील होते आणि आपण त्यांची लेकरं आहोत. एवढं बोलले आणि मला रडू आलं. थांबेचना. सावरगावच्या बायका, ज्या मला ओळखतही नाहीत, त्या माझ्याबरोबर रडल्या. यशवंतरावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता ते सांगते. येत्या शुक्रवारी आमच्या घरी साक्षगंध होतं. माझं. यशवंतरावांच्या मुलाशी, भूपेंद्रशी. ठरलं त्याच दिवशी आईने माझा फोन कपाटात ठेवला. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं झालं असतं. त्यांनी काही मागितलं नाही, "पोरगी शिकलेली पाहिजे, बस्स," म्हणाले. बाबांना तर वाटतं, देव चालत दारात आला. नागपूरला तुझ्याच कॉलेजात समाजकार्याच्या प्रवेशयादीत माझं नाव आलंय हे बाबांना माहीत आहे. तो विषय निघाला की मशीन जोरात चालवतात.

साक्षगंध पुढे गेलं. मी स्टेजवर रडले ते बाबूजींसाठी की सुटले म्हणून, मला कळत नाही. त्या बायका मात्र बाबूजींसाठीच रडत होत्या.

खोलीतली माझी जागा अजून कोणाला देऊ नको. जुलैपर्यंत मी काहीतरी करीन.

तुझीच,
उर्वशी


पांढुर्णा
२७ मे

प्रिय सुचिता,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. "मस्त सुटलीस" असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि पत्र शिवायच्या कपड्यांत ठेवून दिलं.

तेरवी झाली. सौसरला यशवंतरावांनी मोठा कार्यक्रम केला, बाबूजींच्या फोटोसमोर पान वाढलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. डोक्यावर पांढरे खुंट उगवले होते. सोबत भूपेंद्रची आत्या, वंदनाबाई. त्यांनी चहा घेतला, साखर नको म्हणाले, आणि बाबांना म्हणाले, "देवीदासजी, आता उशीर करता येत नाई."

बाबांना कळलं नाही. मलाही नाही.

"घरातला बाप गेला," यशवंतराव म्हणाले. "बाप गेला का सालभराच्या आत लगन उरकाव लागते, नाई तं मंग तीन वर्सं थांबाव लागते. आपल्यात असंच चालते ना? साक्षगंध-बिक्षगंध राहू द्या. आखाड लागाच्या आत सीधं लगन लावून टाकू. साधंच. बँड नाई, घोडा नाई."

"पण बाबूजी तं..." बाबा चाचरले. "म्हणजे नात्यानं तं..."

"नात्यानं काय? तुमच्या पोरीनंच सांगतलं ना चौकात. वडील होते म्हणून. हजार मानसाईनं आयकलं."

आई आतून बाहेर आली, डोळे पुसत, हसत. तिला दोन्ही एकदम जमतं. "बाबूजी जाता जाता पोरीचं भलं करून गेले," म्हणाली.

मी दारात उभी होते. माझेच शब्द माझ्या घरात येऊन चहा पीत बसले होते. ते खोटे होते असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण समोर त्या माणसाचं भादरलेलं डोकं होतं. तो खरंच रडला होता, सुचिता. मी खोटं बोलले असं म्हटलं असतं, तर चौकातल्या त्या सगळ्यांना मी फसवलं असं झालं असतं. आणि मी फसवलं नव्हतं.

म्हणून मी दुसरं बोलले. म्हणाले, "काकाजी, मग मीही त्यांची लेक आहे. मला तीन वर्षांचा दुखवटा पाळायचा आहे."

वंदनाबाई म्हणाल्या, "बाप्पा, पोट्टी बी.ए. झाली का वकील झाली वं?"

यशवंतरावांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, आता चिडून उठतील, बोलणी मोडतील, बाबा माझ्याशी वर्षभर बोलणार नाहीत, आणि मी जुलैत नागपूरला येईन. सगळं मी त्या एका क्षणात ठरवून टाकलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसलेसुद्धा.

ते उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "बरोबर बोलली. मी बुढा होऊन सोय पाहून राहिलो, अन् हे लेकरू धरम पाहून राहिलं. भूपेंद्र थांबन तीन वर्सं. माहा शब्द हाय. अशी सून मले दिवा घेऊन धुंडली तरी भेटनार नाई."

मग दारातून वळून म्हणाले, "पाळतं तं मंग नीट पाळ, बेटा. दुखवट्यातली पोरगी परगावी होस्टेलात राहात नाई. सनवार नाई, लगनाकार्यात जानं नाई. लोकं पाहतीन."

आणि लोक पाहतात. त्यांनी त्याच संध्याकाळी पार्टीच्या ग्रुपवर टाकलं. इथल्या एका छोट्या पेपरात माझा फोटो आला, त्या शोकसभेतला, रडतानाचा. तिगावहून दोन म्हाताऱ्या मला पाहायला आल्या. एकीने माझ्या पायाला हात लावला, मी मागे सरकले तर ती म्हणाली, "लावू दे वं माय." परवा मी हिरवी ओढणी घेऊन बाजारात गेले, तर बांगडीवाल्या शोभाताईंनी हाक मारून सांगितलं, "हिरवं नोको घालू बेटा, आमाले चांगलं नाई वाटत." रागाने नाही. अगदी आपलेपणाने.

भूपेंद्रला मी एकदाच भेटले आहे. वाईट मुलगा नाही. त्याने निरोप पाठवला की त्याला माझा अभिमान वाटतो. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, तीन वर्षं थांबशील का म्हणून.

रात्री बाबांजवळ बसले. म्हटलं, बाबा, मला शिकायचं होतं फक्त. दुखवटा नव्हता पाळायचा. ते म्हणाले, "मले मालूम हाय." मग बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले, तो ओवला गेला तरी. "पन आता कोनाले सांगू, तूच सांग. सारं गाव तुह्या पाया पडून राहिलं. मी गल्लीतून जातो तं लोकं उठून उभे राह्यतात. माह्यासाठी आजपावेतो कोनी उठलं नोतं, उर्वशी."

मी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली.

आज सकाळपासून ते माझ्यासाठी पांढरा ड्रेस शिवत आहेत. चांगलं मऊ सुती कापड आणलंय. दोन्ही बाजूंच्या शिवणीत आत बरंच कापड सोडलंय त्यांनी. अंगात भरलीस तर उसवून मोठा करता येईल, म्हणाले.

यादीतली माझी जागा आता दुसऱ्या मुलीला जाईल, खोलीतलीही तू देऊन टाक. चांगली मुलगी बघ, उजेडात झोपू शकणारी, कारण तू दिवा लावून वाचतेस.

माझं एकच काम कर. घरात आलेली पत्रं आता आई आधी उघडते. पण आपल्याकडे कोपरा फाडलेलं पत्र बायका उघडत नाहीत, मरणाचं असतं म्हणून. तसंच ज्याचं त्याला नेऊन टाकतात. दुखवट्याच्या घरी अशी पत्रं आली तर कोणाला नवल वाटायचं नाही. जुलैत कॉलेज सुरू झालं की कोपरा फाडून मला लिहीत जा. सुरुवातीला दोन ओळी बाबूजींवर लिही, त्या मी खऱ्याच मानीन. त्याखाली त्या आठवड्यात वर्गात काय काय शिकवलं ते लिही. थोडक्यात नको. सगळं.

सांत्वनाची वाट पाहणारी,
उर्वशी